राख आणि माती

शाळेतील माझ्या टेबलावर, हजेरीपटांच्या चळतीशेजारी, लोणच्याची एक धुतलेली बरणी ठेवलेली आहे. तिच्यात दोन मुठी पांढरी माती आहे. बरणीला चिकटवलेल्या कागदावर प्रथम माझ्या अक्षरांत काही मजकूर होता. तो आता खोडलेला असून त्याखाली एका विद्यार्थिनीच्या वळणदार अक्षरांत चार शब्द लिहिलेले आहेत. शाळेत येणारे पाहुणे बरणीकडे एक नजर टाकतात आणि काही न विचारता नकाशाकडे वळतात. मात्र तिची हकिगत या मासिकाच्या वाचकांना सांगावी असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते. आपण सारे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेले लोक आहोत. तंजावरचे असोत, बडोद्याचे असोत, इंदूर-ग्वाल्हेरचे असोत की आमच्यासारखे सीमाभागातले असोत, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच विचारला जात असेल. ही हकिगत त्याच प्रश्नाची आहे. फक्त येथे तो मातीच्या एका थराला विचारलेला आहे.

गुंजी हे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातले गाव. खानापूरहून लोंढ्याकडे निघालेली गाडी आमच्या लहानशा स्थानकावरून जाते. माउलीदेवीमुळे गावाचे नाव पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरचा हा मुलूख. भाताची खाचरे, दाट रान, तांबडी माती आणि चार महिने अखंड कोसळणारा पाऊस. या परिसरातील एका सरकारी मराठी शाळेचा मी मुख्याध्यापक. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून मराठी घेऊन एम.ए. झालो आणि गेली तीस वर्षे मुलांना शिकवीत आलो. भूशास्त्राशी माझा संबंध म्हणाल तर पाठ्यपुस्तकातील दोन धड्यांपुरता.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात गावाबाहेरच्या ओढ्याचा काठ ढासळला. पाऊस ओसरल्यावर मी मुलांना घेऊन तिकडे गेलो, तेव्हा उघड्या पडलेल्या दरडीत, तांबड्या मातीच्या खाली, हातभर रुंदीचा एक पांढराशुभ्र पट्टा दिसला. तो पाहताच माझे काळीज उडाले. कारण त्याच सुमारास मी पुणे जिल्ह्यातील बोरी या गावाविषयी वाचले होते.

बोरी हे जुन्नर तालुक्यातील कुकडी नदीकाठचे गाव. कुकडी म्हटले की अष्टविनायकांतील ओझर आठवावे. त्याच नदीच्या खालच्या अंगाला हे गाव आहे. तेथे नदीने कापलेल्या गाळाच्या दरडीत राखेचा एक पांढुरका थर आहे. १९८० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी या थराचा कसून अभ्यास केला. नद्यांच्या गाळाचे जाणकार शरद राजगुरू, शीला मिश्र, आणि पुढे आमच्या धारवाडच्या विद्यापीठात प्राध्यापक झालेले रवी कोरिसेट्टर ही त्या अभ्यासाशी जोडलेली नावे. त्याच गाळात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही मिळाल्या होत्या. बोरीप्रमाणेच कऱ्हा नदीकाठी मोरगावलाही अशी राख आहे. मोरया गोसाव्यांचे ते मोरगाव, आणि आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला जिच्या पाण्याचे नाव दिले ती ही कऱ्हा.

ही राख आली कोठून? वाचकांच्या मनात प्रथम येईल तेच माझ्याही मनात आले होते: महाराष्ट्राचा सारा काळा कातळच ज्वालामुखीतून निघालेला, तेव्हा राखही तेथलीच असणार. परंतु दख्खनचे ते अग्निप्रलय सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विझले. बोरीची राख ज्या गाळात आहे तो गाळ त्या थंड झालेल्या कातळावर कितीतरी नंतर येऊन बसला. शिवाय दोहोंची जातकुळी वेगळी. दख्खनच्या काळ्या पाषाणात सिलिका सुमारे निम्मी असते, या राखेत ती तीन-चतुर्थांशाच्या वर. एवढी सिलिका असलेला रस घट्ट असतो; वायू त्यात कोंडून राहतात आणि अखेर प्रचंड स्फोट होतो. असा स्फोट आपल्याकडे त्या काळात झाला नव्हता. त्याचे उगमस्थान निघाले इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर, बोरीपासून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर. तेथे तोबा नावाचे सरोवर आहे. लांबी सुमारे शंभर किलोमीटर, रुंदी तीस. ते सरोवर म्हणजे एका महाज्वालामुखीचे खचलेले तोंड. सुमारे ७५,००० वर्षांपूर्वी त्याचा जो स्फोट झाला त्यातून अडीच हजार घन किलोमीटरांहून अधिक शिलारस बाहेर पडला असा हिशेब आहे. त्याची राख वाऱ्याने बंगालचा उपसागर ओलांडून आपल्या देशावर आणून टाकली.

हे वाचून भारावलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पांढरा पट्टा आला तर काय होणार? मी मूठभर माती रुमालात बांधली, घरी आणली, बरणीत भरली आणि कागदावर लिहिले: ‘ज्वालामुखीची राख. तोबा, सुमात्रा. वय ७५,००० वर्षे.’ दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर जगाचा नकाशा लावून मी मुलांना अर्धा तास व्याख्यान दिले. बेळगावच्या एका दैनिकासाठी पत्राचा मसुदाही तयार केला.

येथे मनातले एक कबूल केले पाहिजे. शाळेचा पट वर्षावर्षाने घसरत चालला होता. पहिलीच्या वर्गात त्या साली सातच मुले आली होती. आपल्या शाळेचे नाव वर्तमानपत्रात झळकेल, बाहेरचे विद्वान येथे येतील, आणि मग गावातील आईबापांनाही वाटेल की या शाळेत काही आहे, अशी एक वेडी आशा मी त्या बरणीत भरली होती. सत्याची चाड कमी होती असे मी म्हणणार नाही. पण गरज मोठी होती, आणि गरज मोठी झाली की डोळे आपल्याला हवे तेच पाहतात.

तिसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात बरणी हातोहात फिरत असता मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. अबोल पोर, वर्षभरात तिने आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा.

“सर, ही राख न्हवं.”

“म्हणजे?”

“आमच्या आज्ज्याकडं अशीच माती हाय की. तो गणपती करतो हिचे. पाण्यात कालवली की लोण्यागत होते. राखेचा कधी गोळा होतो काय?”

वर्ग हसला. त्या हसण्याचा रोख तिच्याकडे होता की माझ्याकडे, हे मला कळले नाही, आणि न कळल्यामुळेच मी चिडलो. “मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी लिहिलंय ते खोटं, आणि तुझा आजा खरा? खाली बस,” असे मी म्हणालो. ती बसली. त्यानंतर सबंध महिनाभर तिने वर्गात तोंड उघडले नाही.

रात्री जेवण झाल्यावर मात्र तिचे वाक्य पिच्छा सोडीना. लहानपणी आई चुलीतल्या राखेने भांडी घाशीत असे. ओल्या राखेचा तो खरखरीत स्पर्श बोटांना अजून आठवतो. तिचा गोळा कधी झाला नाही, बोटांतून ती निसटूनच जाई. मी उठलो, बरणीतली चिमूटभर माती वाटीत घेतली आणि पाणी घातले. बघता बघता तिचा मऊ, चिकट गोळा झाला. अंगठ्याचा ठसादेखील त्यावर स्वच्छ उमटला.

तरीही मी हार मानली नाही. शिकलेल्या माणसाजवळ स्वतःला फसवण्याची साधने अधिक असतात. पुस्तके चाळता चाळता मला आढळले की ज्वालामुखीची राख फार काळ पाण्यात राहिली तर तिच्यातील काच कुजून खरोखरच चिकणमाती होते; कोट्यवधी वर्षांच्या जुन्या स्तरित खडकांत राखेचे थर पुष्कळदा अशा मातीच्या रूपानेच सापडतात. झाले! मला आधार मिळाला. मुलीच्या प्रश्नाने माझे म्हणणे खोटे पडले नव्हते. पण ते खरे ठरले होते असेही नव्हते. गोळा होणे न होणे एवढ्यावर निकाल लागणार नव्हता. मग निकाल लागतो तरी कशावर? या एका प्रश्नापायी मी पुढचे तीन महिने वाचीत राहिलो. जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

राख म्हणून आपण जिला ओळखतो ती लाकडाची राख. ज्वालामुखीची राख म्हणजे जळून उरलेले काही नसते. ती असते काचेची भुकटी. वितळलेल्या शिलारसात वायूचे बुडबुडे फुगतात आणि स्फोटाच्या क्षणी फुटतात. त्या बुडबुड्यांच्या पातळ भिंतींचे तुकडे आकाशात थिजतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली हे कण वाकडे, धारदार, कमानीसारखे दिसतात. तीन बुडबुडे जेथे एकमेकांना भिडले होते तेथला तुकडा तीन फाट्यांचा दिसतो. काचेचे आणखी एक लक्षण असे की विशिष्ट प्रकारे गाळलेल्या प्रकाशात ती काळी पडते, स्फटिक मात्र उजळतात. थर राखेचा आहे की नाही, याची ही पहिली परीक्षा.

दुसरी परीक्षा कुळाची. एका यंत्रात एकेका काचकणावर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत सोडतात आणि कणातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्यात कोणते मूलद्रव्य किती हे मोजतात. प्रत्येक ज्वालामुखीच्या रसाचे प्रमाण थोडे निराळे, जसा प्रत्येक घरच्या मसाल्याचा वास निराळा. मग संशयित डोंगराजवळची राख आणि दूरची राख शेजारी ठेवून ताडून पाहायची. भारतातील राखेचा माग असाच लागला. १९८० साली मध्य प्रदेशातील सोन नदीच्या खोऱ्यात अलाहाबाद विद्यापीठाचे जी. आर. शर्मा आणि अमेरिकेचे डेस्मंड क्लार्क यांच्या मोहिमेत मार्टिन विल्यम्स या भूशास्त्रज्ञाला असा थर आढळला, आणि पुढे त्याचे गोत्र तोबाशी जुळले.

तिसरी परीक्षा वयाची, आणि घोटाळा येथेच होतो. राखेतील काळ्या अभ्रकात पोटॅशियम असते. त्याचा एक प्रकार अत्यंत संथ गतीने आर्गॉन वायूत बदलत असतो. त्याचे अर्धे होण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. साचलेला आर्गॉन मोजला की कण थिजल्यापासूनचा काळ निघतो. पण नमुन्यात जुन्या खडकाचे चार कण मिसळले तर? सातवीच्या मुलांचे सरासरी वय काढताना रांगेत चुकून मुख्याध्यापकांनाही उभे करावे, तसे होते. बोरीच्या बाबतीत असे काही झाले की काय, यावर विद्वानांचा वाद आहे. तो माझ्यासारख्या भाषेच्या मास्तरालाही एखाद्या पाठभेदाच्या वादासारखा रंजक वाटला.

प्रथम, १९८९ च्या सुमारास, बोरीच्या राखेचे वय चौदा लाख वर्षे सांगितले गेले. १९९५ साली सुधारलेल्या पद्धतीने ते सहा लाख सत्तर हजार आले. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी काचेच्या रसायनावरून सांगितले की ही राख तोबाच्या शेवटच्या, म्हणजे ७५,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची आहे. तोबा एकदाच फुटला असता तर प्रश्न मिटला असता. पण त्याचे मोठे स्फोट चार झाले आहेत, सुमारे बारा लाख, आठ लाख, पाच लाख आणि पाऊण लाख वर्षांपूर्वी, आणि चौघांचे रसायन सख्ख्या भावांसारखे मिळतेजुळते आहे. २०११ साली पुन्हा एका अभ्यासाने बोरी आणि मोरगाव येथील राख सात-आठ लाख वर्षांची ठरवली. २०१४ साली आणखी एका गटाने एकेका काचकणातील बेरियम, स्ट्रॉन्शियम, इट्रियम अशा अत्यल्प द्रव्यांची मोजणी केली आणि भारतातील ज्ञात असलेली सारी तोबा-राख शेवटच्याच स्फोटाची असल्याचे मत दिले.

हा वाद पोकळ नाही. राखेसोबतच्या हातकुऱ्हाडी करणारा माणूस आठ लाख वर्षांपूर्वीचा की पुष्कळ अलीकडचा, हे थराच्या वयावर अवलंबून आहे. त्यातही नदीचा खेळ ध्यानात घ्यावा लागतो. राख आकाशातून पडते त्या दिवशी तिचा थर काही सेंटीमीटरांचाच असतो. मग पाऊस ती टेकड्यांवरून धुऊन सखल जागी लोटतो. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे असा मीटरभराहून अधिक जाड साठा आहे, आणि गावकरी तो खणून भांडी घासण्याच्या भुकटीसाठी पाठवीत असत. तेथे कोरिसेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांच्या गटाने थराच्या खाली आणि वर दोन्हीकडे दगडी हत्यारे शोधली आणि २००७ साली मांडले की दोन्हींची घडण सारखीच आहे. म्हणजे आकाश राखेने भरले तरी तेथला माणूस नाहीसा झाला नसावा. जी राख वाहून आली आहे तिचा जन्म कधी आणि ती या जागी पोचली कधी, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. नव्या राखेने जुन्या गाळात कोरलेली खाच भरली असेल, तर दोघे शेजारी असूनही समवयस्क ठरत नाहीत.

हे वाक्य वाचले तेव्हा मला आमच्या घरची वंशावळ आठवली. आम्ही साताऱ्याकडचे, असे वडील सांगत. आजोबाही तेच सांगत. परंतु इकडे आलो कधी, कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नाही. देवघरातील जुन्या बाडात नावे आहेत, साल नाही. मूळ गाव मात्र प्रत्येक पिढीने अभिमानाने पाठ केले. वाट कोणी लिहून ठेवली नाही.

दसऱ्याच्या सुटीत पत्नीला अष्टविनायक घडवायचे होते. ओझर झाल्यावर मी वाकडी वाट करून बोरीला गेलो. नदीकाठच्या शेतात एक म्हातारे गृहस्थ भेटले. “राख बघाया आलात व्हय?” असे म्हणून त्यांनी हाताने दिशा दाखवली आणि परतताना चहा घेऊन जाण्याचे बजावले. दरडीजवळ उभा राहिलो तेव्हा तांबूस-पिवळ्या गाळातला तो फिकट पट्टा दिसला. मी चिमूटभर राख तळहातावर घेतली. पिठासारखी, पण दातांखाली धरली तर कचकचणारी. ओंजळीत पाणी घेऊन ती भिजवली आणि गोळा करण्याचा प्रयत्न केला. राख बोटांतून निसटून गेली, थेट आईच्या भांडी घासण्याच्या राखेसारखी. त्याच क्षणी मी मनातून उमजलो होतो. तरी एक पुडी कागदात बांधून घेतली.

माझा एक जुना विद्यार्थी धारवाडला एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. त्याच्याकडे दोन्ही पुड्या घेऊन गेलो. त्याने प्रथम बोरीची राख काचपट्टीवर घेतली आणि मला बघायला सांगितले. मी डोळा लावला आणि क्षणभर श्वास विसरलो. फुटलेल्या काकणांचे तुकडे जत्रेनंतर देवळासमोर पडलेले असावेत तसे ते कण दिसत होते. पारदर्शक, कमानदार, काही तीन फाट्यांचे. त्याने एक कळ फिरवली आणि सारी काकणे अंधारात बुडाली. मग त्याने आमच्या ओढ्याची माती लावली. तेथे एकही काकण नव्हते. ढगासारखा धूसर मातीचा पसारा आणि त्यात चमकणारे गारगोटीचे थोडे कण.

“सर,” तो म्हणाला, “काच कुजून ही माती झाली असती तर कणांचे जुने आकार कुठंतरी राहिले असते. इथं तसं काही नाही. शिवाय तुम्ही म्हणता हा पट्टा जांभ्याच्या तांबड्या मातीखाली आहे. आपल्याकडं जांभ्याखाली अशी पांढरी माती पुष्कळ ठिकाणी असते. वरच्या पावसानं खालचा खडक कुजत जातो, लोह निघून जातं आणि ही उरते. ही कुठून आलेली नाही, सर. ही तिथलीच.”

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी ‘ही तिथलीच’ हे दोनच शब्द घोळवीत राहिलो. जिला मी सातासमुद्रापलीकडची पाहुणी ठरवून बरणीत बसवले, ती आमच्याच शिवारातील खडकाची लेक निघाली. लाखो पावसाळे सोसून जागच्या जागी मऊ झालेली. दूरच्या मोठ्या नावाची झूल तिच्यावर घातली नसती तर तिची किंमत मला दिसलीच नसती का? खानापूरची मृत्तिकाकला परिसरात नावाजलेली; घराघरांत तिथली मडकी आहेत, शाडूचे गणपती आहेत. तो सारा व्यवहार ज्या मातीवर चालतो तिचा पट्टा मी पाहिला, आणि मला सुमात्रा आठवली, खानापूर आठवले नाही!

सुटी संपून शाळा भरली. पहिल्याच दिवशी प्रार्थनेनंतर मी मुलांसमोर उभा राहिलो. तीस वर्षांत अनेकदा बोललो, पण त्या दिवशी कंठ दाटून आला. मी म्हणालो, “आषाढात मी तुम्हांला जे सांगितलं ते चुकीचं होतं. ती ज्वालामुखीची राख नाही. ते प्रथम या मुलीनं ओळखलं, आणि मी तिला गप्प बसवलं. तिचा प्रश्न बरोबर होता, माझं वागणं चूक होतं.” मग मी तिला पुढे बोलावले. दोन ताटल्यांत दोन पुड्या ओतल्या आणि पाणी घालायला सांगितले. एकीचा गोळा झाला, दुसरीचा झाला नाही. पहिलीतल्या सात मुलांनीही उकिडवे बसून ते पाहिले. खरी राख कशी असते, ती किती दूरून आली, आणि तिच्या वयाविषयी मोठे विद्वानही कसे पुन्हा पुन्हा आपले मत तपासून पाहतात, हे त्यांना तेव्हा कोठे माझ्याकडून नीट ऐकायला मिळाले. दैनिकाला लिहिलेला मसुदा मी फाडून टाकला.

शाळेचा पट त्यामुळे वाढला असे सांगून मी वाचकांना फसवणार नाही. पुढच्या जूनमध्ये पहिलीला नऊ मुले आली. सातांच्या ठिकाणी नऊ. याचे श्रेय कोणाला द्यावे, हे मी तपासलेले नाही.

परंतु एक गोष्ट घडली. त्या वर्षापासून शाळेत गणपती बसतो तो त्याच ओढ्याच्या मातीचा. मुलीचा आजा स्वतः येऊन मुलांना माती भिजवायला, तुडवायला शिकवतो. पहिल्या वर्षी मी त्याची क्षमा मागायला गेलो तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “चुकायचंच मास्तर, पुस्तकाला हात नसतात.” मी तीस वर्षांत ऐकलेल्या शिक्षणविषयक व्याख्यानांत इतके नेमके वाक्य मला आठवत नाही.

आता कोणी मला विचारले की तुम्ही मूळचे कुठले, तर मी पूर्वीसारखे ‘साताऱ्याकडचे’ एवढेच सांगून थांबत नाही. वाचकहो, आपल्यापैकी काही घराणी राखेसारखी खरोखरच दूरवरून आलेली असतील. त्यांनी आपल्या मुळाचा पुरावा जरूर शोधावा, पण एकेक कण तपासून शोधावा. आणि वाटेने जे सोबत मिसळले त्याचीही नोंद ठेवावी. पण कित्येक पिढ्यांच्या पावसाने आपल्यातले बरेच काही येथेच कुजून, येथेच मऊ होऊन, येथल्या हातांत आकार घेण्याजोगे झाले आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मी म्हणतो, पूर्वज साताऱ्याकडून आले असे सांगतात, मी गुंजीचा.

बरणीवरचा माझा मजकूर मी मुलीलाच खोडायला लावला. तिने खाली काय लिहिले हे सांगायचे राहिले. तिने लिहिले: ‘पांढरी माती. आमच्या ओढ्याची.’